शेंडेफळाचे प्रश्न

सत्तरी उलटली तरी हनोक झिराडकर घरातलं शेंडेफळ ते शेंडेफळच राहिला. पेसाह म्हणजे मिसर देशातल्या गुलामीतून यहुद्यांची सुटका झाली त्याचा सण. त्या संध्याकाळी ताटाभोवती बसलेल्यांतल्या सगळ्यांत धाकट्यानं विचारायचं, आज वेगळं का जेवायचं, आंबवलेलं का नाही खायचं. आणि सगळ्यांत मोठ्यानं उत्तर द्यायचं. बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या घरी बाबा उत्तर देत तेव्हा काय गर्दी असायची! माणसं पार जिन्यापर्यंत बसत. मग एकेक कुटुंब इस्राएलला गेलं, बाबाही वारले, आणि येलहंकाच्या फ्लॅटमध्ये उरली दोघंच, हनोक आणि थोरली बहीण मोझेलअक्का. तरी विचारायचं हनोकनं आणि सांगायचं अक्कानं.

"एकदा तरी मला मोठं होऊ दे की," तो दरवर्षी कुरकुरे.

"मी जिवंत आहे तोवर नाही," अक्का ठणकावून सांगे.

यंदा अक्काला काहीच आठवेना. हनोकनं सगळं एकट्यानं केलं. सणात घरात आंबवलेलं काही चालत नाही म्हणून आंबटाचं भांडं झाकून ठेवलं, दोशाचं पीठ शेजारच्या भाग्यलक्ष्मीला दिलं. अक्का मागे मागे फिरत होती, स्वल्प ठेव की म्हणत होती. त्याला रडूच कोसळायचं बाकी होतं. एवढं एक उत्तर तिनं आज द्यावं, बाकी सगळं विसरली तरी चालेल, असं तो मनाशी घोकत होता.

दिवेलागणीला दोघं ताटावर बसली. हनोकनं जुन्या चालीत प्रश्न विचारले. अक्का बोटानं खजुराचा पाक चाटत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं. "आपण मिसरात..." म्हणून सुरुवातही करून दिली.

मग अक्कानं पाय पोटाशी घेतले आणि बारीक आवाजात, त्याच चालीत, तेच प्रश्न म्हणायला लागली. एक शब्द चुकला नाही. हनोक जन्मला नव्हता तेव्हा या घरातलं शेंडेफळ तीच होती, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"सांगा ना, बाबा," ती म्हणाली.

जन्मभर ज्या मानासाठी भांडला तो आता समोर आला, आणि हनोकला तो मुळीच नको होता. पण पोर वाट बघत होती.

"आपण मिसरात गुलाम होतो, मोझी. फार हाल झाले."

"मग?" अक्कानं विचारलं. तिला खरंच पुढचं माहीत नव्हतं.