चालू लाईनीला हात

मी प्लंबर आहे. तीस वर्षं लोकांच्या भिंती फोडतोय, आणि हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट बजावत आलोय: चालू लाईनीला हात लावायचा नाही. पाणी येतंय ना? मग हत्यारं आवर आणि गुमान घरी जा. जुना जोड सोडवायला गेलास की अख्खा पाइप हातात येतो.

हीच अक्कल मी बायकोच्या पोटात चालवली.

तिचं पित्ताशय काढलं, आणि त्यानंतर पित्ताची नळी आतून आवळत गेली. डोळे पिवळेधमक, अंगाला अशी खाज की चामडी सोलून काढेल. कर्करोग नव्हता, ऑपरेशनचा व्रण होता नुसता. तोंडातून दुर्बीण घालून तिथे प्लास्टिकची बारीक नळी बसवली. ती तुंबते, म्हणून दर तीन महिन्यांनी बदलायची. असं चार वेळा झालं. दर वेळी आत नेताना ही माझा हात सोडायची नाही, नर्सला बोटं सोडवावी लागायची. शेवटी डॉक्टरीणबाईंनी धातूची जाळीदार नळी घातली. म्हणाल्या, "ही जाड आहे, सहा महिन्यांत जागा रुंद करेल. मग मात्र काढायची. विसरू नका."

विसरतोय कसला? पक्कं ध्यानात होतं. पण बायको पोटभर जेवायला लागली होती, माझ्यावर पूर्वीसारखी डाफरायला लागली होती. आता पुन्हा ती दुर्बीण, पुन्हा ती बोटं. मला ते सोसेना, खरं तेच सांगतो. दवाखान्यातून फोन आला तेव्हा ती आंघोळीला गेली होती. मी म्हटलं, परगावी आहोत. दुसऱ्यांदा म्हटलं, येतो. तिसऱ्यांदा उचलला आणि न बोलता ठेवून दिला.

तिनं एकदा विचारलं, "अहो, ती नळी काढायची होती ना?"

"धातूची आहे, जन्मभर टिकते. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तिनं मान डोलावली. पाइपांतलं ह्यांना कळतं, असं ती चारचौघांत कौतुकानं सांगायची.

दोन वर्षं बरी गेली. मग एका दुपारी हुडहुडी भरून ताप आला, आणि डोळे पुन्हा पिवळे.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा प्रयत्न केला. मग खाटेजवळ येऊन म्हणाल्या, "जाळीत मांस वाढलंय. ओढली की रक्त येतं, हलत नाही. आत तुंबून पू झालाय, यकृत पार खचलंय. मोठं ऑपरेशन आता झेपणार नाही. वेळेवर आला असतात तर थोडक्यात काम होतं."

माझ्यासारखा गाढव मीच.

त्यांनी फाइल उघडली. "आमच्याकडून तीन फोन गेलेत. घेतले कोणी?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. फोनचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "मीच घेतले, बाई. मला भीती वाटली. ह्यांना काही ठाऊक नाही."

डॉक्टरीणबाईंनी ते तसंच लिहून घेतलं. मी शेजारीच होतो, आणि मी लिहू दिलं.