व्हिडिओला रेंज लागत नाही

माझ्या सासूबाईंचा, गोकुळाबाईंचा व्हिडिओ गडचिरोलीहून परत आला. खाली संस्थेच्या मॅडमनी लिहिलं होतं, ‘वारा छान ऐकू येतो, बाई ऐकू येत नाहीत. शनिवारपर्यंत दुसरा पाठवा.’ मला असा राग आला! एवढ्या शिकलेल्या माणसांना जरा कान देऊन ऐकता येत नाही का? मग मी स्वतः ऐकला. मॅडम खोटं बोलत नव्हत्या.

कुरखेड्याजवळच्या आमच्या गावचा तलाव बेशरमाच्या झुडपांनी गिळला होता. सासूबाईंनी गावातल्या बायका जमवून चार उन्हाळे तो साफ केला, तळाशी मासोळीला लपायला आणि खायला होईल असं गवत लावलं, आणि दिसेनाशी झालेली मरळ पुन्हा जाळ्यात येऊ लागली. आता त्या संस्थेला बारा गावांतल्या बायकांना हे काम शिकवणारं एक माणूस हवं होतं. मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष देवाजीभाऊ यांनीही व्हिडिओ पाठवला होता. चार उन्हाळ्यांत देवाजीभाऊ पाण्यात उतरलेले मी पाहिले नाहीत, फोटोच्या वेळी मात्र ते सगळ्यांच्या पुढे. पण त्यांचा आवाज म्हणे खणखणीत आला होता. शनिवार चुकला की काम त्यांचं.

म्हणून आम्ही पुन्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेलो. या वेळी मी सासूबाईंना दुप्पट जोरात बोलायला लावलं. बगळे उडाले, पलीकडच्या काठावरून कुणीतरी “काय झालं वो?” म्हणून विचारलं, आणि व्हिडिओत सासूबाई वाऱ्याशी कडाकडा भांडताना दिसल्या.

माझा भाऊ प्रफुल वडशाच्या एका नाटक कंपनीत माइक सांभाळतो. तिथूनच त्याला फोन लावला.

“उभी कुठी राहून काढला तू व्हिडिओ?” त्याने विचारलं.

“पाळीवर. अजून कुठी काढीन? रेंज इथीच येते ना.”

पलीकडे तो जो हसत सुटला, तो थांबेचना. “अवं बाई, रेंज फोन लावाले लागते. व्हिडिओ काढाले कायले रेंज पायजे? पाठवाचा असंन तवा जाय ना पाळीवर!”

मी बारावी पास. अर्ध्या गावाचे ऑनलाइन फॉर्म मी भरून देते. तोंड कुठे लपवू असं झालं. पण आमच्याकडे मोबाइल हातात घेतला की पाय आपोआप पाळीकडे वळतात, आणि मोबाइलवर बोलायचं म्हणजे ओरडायचं, हे लहान लेकरालाही ठाऊक. त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

हसून झाल्यावर प्रफुलने नीट सांगितलं. वारा नको, मोकळी भिंत नको, पोती-कापडं भरलेली खोली बघ. वायरचा इयरफोन लाव आणि त्याचा माइक बाईच्या छातीपाशी टाच. आणि ओरडू देऊ नको.

तशी खोली आमच्याकडे होती. एका बाजूला धानाची पोती, बाकी सगळीकडे टांगलेली जाळी. पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, मधेच घंटी वाजू नये म्हणून फोन एरोप्लेन मोडवर टाकला आणि माइक पिनेने पदराला लावला. ऐकून पाहिलं तर नुसती खळखळ. गळ्यातली मंगळसूत्राची पोत माइकवर घासत होती.

“आत्याबाई, पोत काढून ठेवा ना जरा.”

“काऊन? तुह्या सासऱ्याले मारतं का?”

“राहू दे वो, राहू दे!” बाहेरून मामंजी घाईने म्हणाले.

शेवटी पोत फिरवून पाठीवर टाकली. मग बांगड्या. सासूबाई हात नाचवल्याशिवाय बोलतच नाहीत. मी फाटलेलं जाळं आणून त्यांच्या मांडीवर दिलं. जाळं विणायला बसताना करतात तशा त्यांनी बांगड्या कोपराकडे सारल्या आणि सुई हातात घेतली.

“नमस्कार! माहं नाव!” त्या ओरडल्या. सवय, दुसरं काय.

“कोनाले हाका मारून राह्यल्या, आत्याबाई? मी तं इथीच हाव.”

त्यांनी दोन टाके घातले. मग जाळ्याकडे बघतच हळू आवाजात बोलू लागल्या.

“बेशरम वरून तोडाची नाई. तोडली का दुप्पट येते. पह्यल्या वर्सी आमी तोडली. माही चूक होती थे. बाया म्हणत, गोकुळाबाईनं फुकट पाण्यात उभं केलं. दुसऱ्या वर्सी कोनी येत नोयते, मी एकलीच मुळं उपटाले जाओ. आठ दिवसांनं इंदुताई आली...”

एकट्या जायच्या, हे मला माहीतच नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी याच घरात होते. सहा वर्षं मला वाटत आलं होतं की ही बाई माझ्यावर ओरडते. तिचा खरा आवाज मी हातभर अंतरावरून कधी ऐकलाच नव्हता. फार गोड आवाज होता तो. माझे डोळे भरले, आणि नाक ओढलं तर माइकमध्ये जाईल म्हणून तशीच बसून राहिले.

शुक्रवारी पाळीवर जाऊन व्हिडिओ पाठवला. बुधवारी मॅडमचा फोन आला. काम सासूबाईंना मिळालं.

पहिली शिकवणी धानोऱ्याकडच्या एका गावात, शाळेच्या हॉलमध्ये झाली. बायका पुढे बसल्या. बाई काय शिकवते ते बघायला देवाजीभाऊही आमच्या गावाहून सोसायटीच्या चार माणसांना घेऊन आले आणि अगदी मागे, दाराजवळच्या खुर्च्यांवर बसले. सासूबाईंनी बोलायला सुरुवात केली, त्याच खोलीतल्या आवाजात.

“जोरानं बोला, गोकुळाबाई!” देवाजीभाऊ मागून म्हणाले. “इथी काई आयकू येत नाई!”

आता या पुन्हा ओरडणार, असंच मला वाटलं.

“मंग इकडं या ना, भाऊ,” सासूबाई तितक्याच हळू म्हणाल्या. “समोर जागा हाय.”

बायका सरकल्या. देवाजीभाऊ खुर्ची सोडून आले आणि चटईवर बसले.