सहकुटुंब रानवाट

जीशानने रुमानाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वर केली, तिच्या बुटांच्या नाड्या एकमेकींत बांधल्या आणि ते बूट स्वतःच्या खांद्यावर टाकले. वीसेक पावलांवर भंडारदऱ्याचं पाणी होतं. दिवाळीनंतर ते मागे सरकत गेलं होतं आणि जाताना चिखलाची, लव्हाळ्याची एक रुंद पट्टी ठेवून गेलं होतं.

"हात धरू?" त्याने विचारलं.

"नको. पडले तर धरा."

ती दहा वर्षांची होती. बेलापूरला तिघं एकत्र राहत होते तेव्हा ती त्याच्याशी घरातली दखनी उर्दू बोलायची. आईबरोबर संगमनेरला गेल्यापासून मराठीतच बोलायला लागली होती, शाळेतल्या बाईंशी बोलावं तसं, नीट. त्याने तिला त्यावरून कधी टोकलं नव्हतं.

पुढे भागूबाई अनवाणी चालत होत्या. शेंडी गावाच्या आसपासच्या बायकांनी मिळून दर रविवारी ही फेरी सुरू केली होती. आधी पाण्याकाठची पाणथळ, मग ओढ्याची वाट, मग रान, आणि शेवटी भागूबाईंच्या पाड्यावर जेवण. संगमनेरच्या एका दुकानाच्या काचेवर त्याचा कागद चिकटवलेला होता. 'सहकुटुंब रानवाट. लहान मुलांनाही सोपी.' महिन्यातला दुसरा आणि चौथा रविवार कोर्टाने जीशानला दिला होता, आणि दोन वर्षांत संगमनेरात मुलीला न्यावं अशी जागा उरली नव्हती. म्हणून त्याने नाव नोंदवलं.

आज पाच कुटुंबं होती. सकाळी वहीत नावं लिहून घेताना भागूबाईंनी विचारलं होतं, "पोरीची आई न्हाई आली?"

"तिला काम होतं," जीशान म्हणाला होता.

काम खोटं होतं. नाझनीनने मागच्या वर्षी दुसरा निकाह केला होता. नवरा कतारला एका कंपनीच्या गोदामात होता आणि आता तो दोघींना बोलावत होता. बुधवारी तिचा फोन आला तेव्हा जीशान दुकानात एका शिलाई मशीनचा शटल खोलून बसला होता.

"रुमानाच्या पासपोर्टच्या कागदावर तुमची सही लागते," ती म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तर मी भांडणार नाही. पण तिला सोडून मी जाणार नाही, एवढं सांगते."

"तिला काय हवंय?"

"मला सांगत नाही. तुम्हीच बघा."

आज सकाळी स्टँडवर नाझनीनने तो कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो पिशवीत ठेवला. मुलीला विचारायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. विचारलं तर आपणच वदवून घेतल्यासारखं होईल. पण तिने आपणहून, एकदा जरी, मला जायचं नाही म्हटलं, तर सही करायची नाही. मग नाझनीनचं काय होईल, याचा विचार त्याने पुढे ढकलला होता.

चिखलात पाऊल रुतलं की रुमाना थांबे, ते हळूच उपसून काढे आणि पुढचं टाके. लव्हाळ्यातून एक पाणकोंबडी निघाली आणि पुन्हा आत शिरली. दूर उथळ पाण्यात लांब लाल पायांचे शेकाटे उभे होते. नाशिकहून आलेल्या कुटुंबातला लहान मुलगा त्यांना हाका मारत होता.

"हे पाणी पुढे कुठे जातं?" रुमानाने विचारलं.

"खाली," भागूबाई म्हणाल्या. "अकोलं, संगमनेर, मंग बेलापूर."

"बेलापूर आमचं," रुमाना म्हणाली. "किती दिवसांनी पोचतं?"

"दोन-तीन दिस लागत्यात म्हनं. मी काय त्याच्यासंगं गेले न्हाई."

सगळे हसले. रुमानाही हसली. 'आमचं' हा शब्द जीशानने ऐकला. तो एवढ्याशा गोष्टीला धरून बराच वेळ चालला. पुढे काहीतरी येईल म्हणून त्याने पावलं तिच्या बरोबरीने ठेवली. तिने फक्त शेकाट्यांचे पाय गुलाबी की लाल, हे विचारलं.

पाणथळ संपून ओढा लागला. पाणी पोटरीइतकंच, पण दगड शेवाळलेले. नाशिकच्या माणसाने मुलाला खांद्यावर घेतलं. बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरले. आई, मूल, बाप अशा साखळ्या हळूहळू पलीकडे निघाल्या. रुमाना काठावर उभी राहून बघत होती.

"पाठीवर बसतेस?" जीशानने विचारलं.

"मी मोठी झालेय."

तो थांबला. दगडांकडे बघून ती म्हणाली, "तुम्हाला ओझं होणार नसेल तर."

तो खाली वाकला. तिने त्याच्या गळ्याभोवती हात घातले. ती खरोखरच मोठी झाली होती. शेवटची पाठीवर घेतली तेव्हा तिचे पाय त्याच्या कमरेपाशी संपायचे, आता त्याच्या मांड्यांवर आपटत होते. पाणी थंडगार होतं. एकेक दगड पायाने चाचपत तो निघाला. मध्यावर आल्यावर तिची हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली.

"अब्बू, मी अम्मीला सांगू का, मला जायचं नाही म्हणून?"

त्याचा पाय दगडावर होता. दुसरा अजून उचलायचा होता.

"तुम्हाला पाहिजे असेल तर सांगते," ती म्हणाली. "मला चालेल."

सकाळपासून ज्या वाक्याची तो वाट बघत होता ते हेच होतं. फक्त ते तिचं नव्हतं. सामान उचलायला कुणाला मदत हवी का, असं एखाद्याने विचारावं तशा आवाजात तिने ते विचारलं होतं. दोन्ही घरांमध्ये ही मुलगी किती दिवस अशी हात पुढे करून उभी आहे, हे त्याला त्या पाण्यात उभ्या उभ्या कळलं. नाझनीनलाही तिने असंच काही विचारलं असेल का?

त्याने दुसरा पाय उचलला, पुढच्या दगडावर ठेवला.

"सही मी केली," तो म्हणाला.

"कधी?"

"सकाळी, बसमध्ये. राजूरच्या आधी. तू झोपली होतीस."

पलीकडे पोचल्यावर त्याने तिला उतरवलं. ती गवतावर पाय पुसत राहिली.

"बरं," ती म्हणाली.

रानात वाट अरुंद झाली. हिरड्याच्या झाडाखाली भागूबाई थांबल्या, एक फळ उचलून सगळ्यांना दाखवलं, खोकल्यावर काय करायचं ते सांगितलं. पाड्यावर पोचेपर्यंत रुमाना त्या नाशिकच्या मुलाशी खेळायला लागली होती. जेवायला नागलीची भाकरी, ठेचा आणि वालाची आमटी होती. रुमाना एरवी अर्धी भाकरी खाऊन उठे. आज तिने दोन खाल्ल्या. जीशान तिच्या ताटाकडे बघत होता. त्याच्या पुढची भाकरी तशीच होती.

जेवण झाल्यावर मुलं भागूबाईंच्या कोंबड्यांमागे गेली. जीशानने पिशवीतून कागद काढला. खिसे चाचपले. पेन नव्हतं.

"बाई, पेन देता का जरा?"

भागूबाईंनी वहीत अडकवलेलं पेन काढून दिलं. तो कागद मांडीवर ठेवून वाकला, तशा त्या म्हणाल्या, "वहीवर ठिवून करा. फाटंल." आणि वही पुढे केली. ज्या पानावर सकाळी त्याने स्वतःच्या हाताने 'जीशान शेख, बेलापूर, दोन माणसं' असं लिहिलं होतं, त्याच पानावर कागद ठेवून त्याने सही केली.

"कसला कागद?"

"पोरगी परदेशी चाललीय. आईबरोबर."

भागूबाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा कोंबड्यांमागे धावणाऱ्या मुलीकडे पाहिलं. पोरीच्या आईला सकाळी काम कसलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

"माझी दोघं पोरं नारायनगावला हायेत," त्या म्हणाल्या. "टमाट्याच्या मळ्यात. होळीला येत्यात."

"दरवर्षी?"

"आजूक तरी येत्यात."

परतीच्या वाटेवर रुमाना एकसारखी बोलत होती. तिकडच्या शाळेची बस पिवळी असते. शाळेतच पोहायचा तलाव असतो. शुक्रवारी सुट्टी असते, रविवारी शाळा. जीशान विचारत होता आणि ती सांगत होती. वाट उताराची होती. मध्येच दोनदा तिने त्याचा हात धरला आणि सपाटी आल्यावर सोडला.

बस अकोल्यात बराच वेळ थांबली. सुटली तेव्हा उसाच्या शेतांवर तिरकं ऊन होतं. रुमाना खिडकीशी होती. आता ती गप्प झाली होती. दमली असेल, असं त्याला वाटलं.

"सकाळी शेंडीला तुम्ही नाव लिहायला गेलात ना," बाहेर बघतच ती म्हणाली, "तेव्हा पिशवी माझ्याजवळ होती."

"हो."

"मी कागद बघितला. सहीची जागा रिकामी होती."

कंडक्टर पुढच्या सीटवरच्या माणसाशी सुट्ट्या पैशांवरून बोलत होता.

"म्हणजे ओढ्यात तुला ठाऊक होतं."

"हं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने खिडकीच्या काचेवर बोट ठेवलं, ते खालपर्यंत ओढत आणलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. कळसचा थांबा गेला. एका वळणावर ती त्याच्या अंगावर कलली आणि वळण संपल्यावरही तशीच राहिली.

संगमनेरच्या स्टँडबाहेर नाझनीन स्कूटर घेऊन उभी होती. जीशानने कागद दिला. तिने तो उघडून पाहिला, नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. ते त्याला दिसू नयेत म्हणून तिने हेल्मेटचा पट्टा सोडवायला घेतला. रुमाना मागे बसली. तिच्या पायांना अजून चिखल होता.

"तिने काही सांगितलं?" नाझनीनने विचारलं. "जायचंय की नाही ते?"

जीशानने मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"सांगितलं," तो म्हणाला. "तिकडे पोहायला शिकणार म्हणते."

नाझनीनने मागे वळून पाहिलं. रुमानाने मान हलवली, खरं आहे म्हणून.