एका वेळी चार खिडक्या

मी एक जुना संगणक बोलतोय, पण माझं बोलणं जरा पारखूनच घ्या. दुकानदाराने माझ्या स्मरणशक्तीची कितीही तारीफ केलेली असो, वीज गेली की निम्मं विसरणारा मी. पुढची हकिगत नव्याण्णवची की दोन हजारची, हेही मला खात्रीने सांगता येत नाही.

वसई स्टेशनजवळच्या दुकानात माझे भाग जुळवले गेले आणि रिक्षात मांडीवर बसून मी वसईतल्या होळी गावात आलो. घर लोपीस सरांचं. सर तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. कुलूप लावल्यावर अर्ध्या वाटेवरून परत येऊन ते ओढून पाहणारे. माझ्यावर त्यांचा पहिल्या दिवसापासून संशय. त्यांची मुलगी इझाबेल मात्र खूश होती. गावातल्या लग्नांच्या आणि महिन्याच्या मिस्सांच्या, म्हणजे कुणी वारल्यावर महिन्याने चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेच्या, पुस्तिका ती घरीच टाइप करून छापून द्यायची.

"पप्पा, बघा, एका वेळी चार कामं करतो हा!"

एका खिडकीत लग्न, दुसरीत महिन्याची मिस्सा, तिसरीत दुबईच्या मैत्रिणीशी गप्पा, शिवाय गाणी.

"खिडक्या चार, पण डोकावणारं डोकं एकच ना?" सर म्हणाले.

"तुम्ही टाइपरायटरच्या जमान्यातले!"

मलाही तेव्हाच शंका होती. छपाई चालू असताना तिला पुढचं टाइप करता येई, एवढा फायदा खरा. एरवी ती गप्पांकडे जाई, परत येई आणि "कुठे होते मी?" म्हणत ओळ शोधी. तोवर मी वाट पाहत बसे. कामं भरभर होत होती, की तसं नुसतं वाटत होतं?

मग विनीचं लग्न आलं. विनी म्हणजे शेजारच्या लूर्डस मावशींची मुलगी, इझाबेलची बालमैत्रीण. त्याच आठवड्यात गल्लीतल्या बर्था आजीच्या महिन्याची मिस्सा होती. दोन्ही पुस्तिकांत नावाच्या जागी टिंबं सोडलेली. टिंबं काढून सगळीकडे 'विनी' घाल, असा हुकूम इझाबेलने मला दिला. त्याआधी दुबईच्या निरोपाला उत्तर देऊन ती घाईने परतली होती. समोर कुठली खिडकी आहे ते तिने पाहिलं नाही. मी हुकूम पाळला.

पुस्तिका न्यायला लूर्डस मावशी आल्या आणि प्रिंटरमधून पडलेला कागद त्यांनीच आधी उचलला. 'दिवंगत विनी हिच्या आत्म्याला चिरशांती लाभो.'

"शनिवारी नवरी व्हायची माजी पोर," मावशींनी कागद इझाबेलपुढे नाचवला, "आनि तू तिला आजच पुरलीस गं?"

कागद चुलीत गेले. लग्न नीट पार पडलं, विनी हसत सासरी गेली, मावशींचा रागही नाताळच्या आत निवळला. मोडली ती इझाबेल. तिने काम सोडलं.

"मशीनला चार कामं एकदम जमतात, मला दोन नाही. माझ्याच डोक्यात खोट आहे, पप्पा."

तसं नाही, असं सरांना सांगायचं असे. ओठांपर्यंत येई. पण पुरावा नसताना बोलायची सवय नव्हती. तिच्या म्हणण्यात तथ्य असलं तर? चर्चच्या फादरांनी पुन्हा काम देऊ केलं तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली आणि माझ्यावर चादर घातली. तशी कित्येक वर्षं गेली.

एका पावसाळ्यात सरांनी चादर काढली, तर ओल धरून मी बंद पडलो होतो. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं तेव्हा सर जवळच उभे होते.

"काय हो, हा एका वेळी किती कामं करायचा?"

"एकच, सर. थोडं हे, थोडं ते, पण इतक्या चपळाईने की आपल्याला वाटतं सगळं एकदम चाललंय."

"नक्की?"

"आता लिहून देऊ काय?"

सरांनी हाक मारली. इझाबेल ओल्या हातांनीच आली. दुरुस्तीवाल्याने तिला पुन्हा सांगितलं. तिने हात पुसून माझ्यावर टिचकी मारली.

"लबाड," ती म्हणाली. आणि हसली.

आता ती नव्या मशीनवर पुस्तिका करते, एकच खिडकी उघडून. मी माळ्यावर असतो. पण तिथे ठेवण्याआधी सरांनी मला रिक्षात घालून विरारच्या दुसऱ्या दुकानात नेलं. एकाच माणसाच्या शब्दावर त्यांचा विश्वास बसेना. तिथल्या माणसानेही उघडून पाहिलं आणि तेच सांगितलं: माझ्यात प्रोसेसर एकच आहे, आणि मी जन्मभर एका वेळी एकच काम केलं.