एकशे दहावर राहिलेला पाना

बाबा गेल्यापासून त्यांच्या हत्यारांच्या कपाटाला कोणी हात लावला नव्हता. गाडीचे पुढचे ब्रेक करकरायला लागले, म्हणून एका शनिवारी सकाळी मी खाली गॅरेजात उतरले, नवे पॅड बाकावर काढून ठेवले आणि टॉर्क रेंचची लाल पेटी उघडली.

टॉर्क रेंच म्हणजे नट नेमक्या जोराने आवळायचा पाना. त्याची मूठ फिरवून आकडा लावायचा. तेवढा जोर पडला की पाना हातातल्या हातात ‘टक्’ करतो आणि आपण थांबायचं. कमी आवळलं तर चाक ढिलं पडतं, जास्त आवळलं तर आटे जातात. मुठीच्या आत एक जाड स्प्रिंग असते. काम झालं की मूठ उलटी फिरवून आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणायचा, म्हणजे स्प्रिंगवरचा ताण उतरतो. बाबांची सगळी नोकरी छापखान्यातली यंत्रं सांभाळण्यात गेली, आणि हा नियम त्यांनी घरातही कधी मोडला नाही. शेजाऱ्याला पाना उसना दिला तर तासाभराने स्वतःच त्याच्या दारात उभे राहायचे. “झालं का काम? आणि उतरवलात ना?”

पेटीतला पाना एकशे दहावर होता.

एकशे दहा हा आमच्या गाडीच्या चाकांचा आकडा. म्हणजे बाबांनी शेवटचं काम चाकांचं केलं आणि पाना तसाच पेटीत ठेवला. इतके महिने स्प्रिंग दाबलेलीच राहिली होती. मी पाना उचलला, मूठ आपोआप फिरू नये म्हणून तिला असलेलं छोटं कुलूप सोडलं.

“फिरवू नकोस तो.”

आई दारात उभी होती. हातात कपडे वाळत घालायची बादली.

“अगं, स्प्रिंग खराब होते अशी.”

“होऊ दे.”

“मग हा पाना चुकीचं सांगायला लागेल. चाकाला वापरता येणार नाही.”

“माणूस राहिला नाही, आणि तू स्प्रिंगचं काय घेऊन बसलीस?” ती म्हणाली. “यांनी लावलेलं आहे ते. राहू दे तसंच. तुला हवा तर दुसरा आण.”

आई भांडली असती तर मी भांडले असते. पण ती बादली घेऊन निघून गेली. मी कुलूप लावलं आणि पेटी बंद केली. बाबांची घड्याळं मी भावाला दिली होती, पुस्तकं वाचनालयात दिली होती, शर्ट कोणाकोणाला. मला स्वतःला फक्त हा पाना हवा होता, तोही वापरायला, कपाटात मांडून ठेवायला नाही. आणि तो दर दिवशी थोडा थोडा बिघडत होता, हे मला माहीत होतं. त्याला वाचवायचा उपाय अर्ध्या मिनिटाचा होता आणि तो करायची परवानगी नव्हती.

हत्यारांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून एका ड्रिलचं पोट उघडून बसले होते.

“टॉर्क रेंच हवाय. चाकांसाठी.”

“किती जोर लागतो तुमच्या गाडीला?”

“एकशे दहा न्यूटन-मीटर.”

त्यांनी चष्मा खाली घेतला. “आकडा पाठ असलेलं गिऱ्हाईक आलं म्हणायचं. नाहीतर लोक येतात आणि म्हणतात, चांगलासा द्या. अहो, चांगलासा काय, ही काय साडी आहे?”

त्यांनी तीन पाने काउंटरवर ठेवले. एक लहान, साठपर्यंतचा. तो त्यांनी स्वतःच बाजूला सारला. “हा इंजिनाच्या बारीकसारीक कामाला. चाकाला पुरायचा नाही.” दुसरा लांबलचक, साडेतीनशेपर्यंत जाणारा. मी तो हातात घेऊन पाहिला.

“हा सगळ्यालाच चालेल की.”

“चालेल, पण ट्रक आहे का घरी? आपला आकडा पट्टीच्या मधोमध यायला हवा. अगदी टोकाला पाना नीट बोलत नाही. हा घ्या, चाळीस ते दोनशे.” त्यांनी तिसरा पुढे केला. “खुणा बघा, कोरलेल्या आहेत, नुसत्या छापलेल्या नाहीत. छापलेल्या असल्या की वर्षभरात तेलाच्या हाताने पुसल्या जातात, मग बसा अंदाजपंचे. आणि सोबत हा कागद आहे ना, तपासणीचा, त्यावरचा नंबर आणि पान्यावरचा नंबर एकच आहे का, तेही बघून घ्या.”

मी दोन्ही नंबर ताडून पाहिले.

“नट सोडवायला वापरायचा नाही,” ते सांगू लागले. “पाडायचा नाही. पडलाच तर लपवायचं नाही, इकडे घेऊन यायचं. टक् झालं की थांबायचं, खात्री म्हणून आणखी एकदा दाबायचं नाही. आणि काम झालं की...”

“चाळीसवर आणायचा. चाळीसच्या खाली नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “हे असं इथे फक्त उतरवलासाहेब म्हणायचे. छापखान्यातले.”

“कोण?”

“आम्ही त्यांना नावच ठेवलं होतं. कोणी पाना घ्यायला आलं की आधी विचारायचे, जुना उतरवून ठेवलात का?” मग त्यांचा आवाज खाली आला. “तू त्यांची मुलगी. नाक तेच आहे. मग त्यांचा पाना कुठे गेला? मीच दिलेला होता.”

मी सांगितलं. आईचं नाही सांगितलं, फक्त पाना चढवलेला राहिला एवढंच. ते ड्रिलचा स्क्रू बोटांत फिरवत राहिले.

“त्यांच्याकडून?” एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “घेऊन ये कधीतरी. मागे तपासायचं यंत्र आहे. किती चुकतो ते कळेल.”

दुपारी मी पॅड बदलले. दुसरं चाक बसवलं, नट हाताने फिरवून घेतले आणि जॅक इतका खाली घेतला की टायर नुसता जमिनीला टेकला. आता आवळताना चाक फिरू नये म्हणून कोणीतरी ब्रेक दाबून धरायला हवा होता. बाबांच्या वेळी हे काम आईचं असायचं. मी गाडी गिअरमध्ये टाकून भागवायचा विचार करत होते, तेवढ्यात गाडीचं दार उघडून आई आत बसली. तिचा पाय पेडलवर गेला.

मी नवा पाना लावला. टक्.

“एक,” आई आतून म्हणाली.

समोरासमोरचे नट आलटूनपालटून घेतले. ती मोजत होती. मग दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही तिने मोजलं. शेवटच्या नटाला मी जरा जोरात ओढलं.

“धसमुसळी,” ती म्हणाली. “ते हळू ओढायचे.”

गाडी पूर्ण खाली घेतली, पाना पुसला आणि मूठ उलटी फिरवायला लागले. मुठीचा बारीक कटकट आवाज होत होता. आई गाडीतून उतरली नव्हती. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती तो आवाज ऐकत होती.

“शेवटी शेवटी हे मीच करायचे,” ती म्हणाली.

“काय?”

“उतरवायचे. वर्षभर तरी झालं असेल. ते काम करायचे, पेटी बंद करायचे आणि वर यायचे. एकदा मी फडकं आणायला खाली गेले, पेटी उघडी होती, तर पाना चढवलेलाच. म्हटलं, एखाद वेळी होतं. मग दर वेळीच व्हायला लागलं. ते चहा प्यायला बसले की मी खाली यायचे आणि उतरवून ठेवायचे.”

“त्यांना कळलं नाही?”

“पुढच्या वेळी पेटी उघडायचे आणि मला म्हणायचे, बघ, चाळीसवर. याला म्हणतात शिस्त.” ती हसली. “मी म्हणायचे, हो बाई, तुमच्यासारखे तुम्हीच.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू तेव्हा लांब होतीस. फोन करून काय सांगू? तुझे बाबा पाना विसरले?”

मी पाना पेटीत ठेवला. झाकण लावलं.

“त्या दिवशीही मी खाली येतच होते,” आई म्हणाली. “जिन्यात होते. वर कप फुटल्याचा आवाज आला.”

पुढचं मला माहीत होतं. ती तशीच वर धावली, बाबा खुर्चीतच गेले होते, आणि पुढचे सगळे दिवस भेटायला येणाऱ्या माणसांचे होते.

“ती पेटी दिसली की मला वाटतं, अजून खाली जायचं राहिलंय,” ती म्हणाली. “वर ते चहा पितायत. एकदा उतरवला की मग काही राहिलं नाही.”

मी हात धुतले आणि चहा टाकायला वर गेले. पान्याचा विषय मी पुन्हा काढणार नाही, असं मनाशी ठरवलं. बिघडायचा असेल तर बिघडू दे. आईची गोष्ट होती ती.

पुढच्या शनिवारी मी बाजारात निघायच्या तयारीत असताना तीच म्हणाली, “तो दुकानदार काय म्हणाला होता? किती चुकतो ते कळतं?”

“कळतं.”

“मग चल.”

लाल पेटी मांडीवर घेऊन ती पुढच्या सीटवर बसली. वाटेत म्हणाली, ब्रेक चांगले लागतायत.

दुकानदारांनी आईला पाहिलं आणि उठून उभे राहिले. “या वहिनी.” स्टूल पुसून दिलं. पाना त्यांनी आहे तसाच, एकशे दहावर, यंत्राला लावला आणि हळू ओढला. टक् झालं. पुन्हा ओढला, पुन्हा. तिन्ही वेळा यंत्रावर एकशे दोनच्या आसपास आकडा आला.

“आठाने कमी,” ते म्हणाले. “स्प्रिंग थकली आहे. सरळ करून देतो, आठवडाभर ठेवा माझ्याकडे. पण त्याआधी तो उतरवायला लागेल.” त्यांचा हात मुठीकडे गेला.

“द्या इकडे,” आई म्हणाली.

तिने कुलूप सोडलं. किती वेळा केलेलं असावं, ते तिच्या बोटांवरून दिसत होतं; पट्टीकडे न बघता ती फिरवत होती. शंभर, ऐंशी, साठ. चाळीसवर येऊन तिचा हात आपोआप थांबला. तिने कुलूप लावलं, पदराने मूठ पुसली आणि पाना पेटीत ठेवला.

“ठेवून जा वहिनी. पुढच्या आठवड्यात नव्यासारखा करून देतो.”

“नको,” आई म्हणाली. “किती चुकतो ते कळलं ना आम्हाला. आठ जास्त लावू.”

“पण आज आठ आहे, चूक पुढे वाढत जाणार.”

“वाढली की परत येऊ. तुम्ही मोजून सांगा.”

दुकानदारांनी माझ्याकडे पाहिलं. पान्याच्या नियमाप्रमाणे हे बरोबर नव्हतं, ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. चाकांना मी नवाच वापरणार होते.

“सहा महिन्यांनी आणते,” मी म्हणाले.

“तीन,” ते म्हणाले. “थकलेल्याला तीन.”

आईने पेटीची खिटी लावली आणि दाराकडे निघाली. मग थांबून काउंटरवरच्या उघड्या ड्रिलकडे बघत म्हणाली, “हे स्क्रू एखाद्या वाटीत काढून ठेवा हो. एक तरी हरवेल.”