चादरीची शेवटची घडी

किल्ली दिली की टकटक करत पळणारे, मुठीत मावणारे मी एक स्टॉपवॉच आहे, आणि वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचे आहे. कोणाला कशाला किती वेळ लागला, एवढे कळले की माणूस कळला, असे मी बरीच वर्षे समजत होते.

मित्रांनो, एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझी स्प्रिंग बसवली. पुढे मी धावण्याच्या एका प्रशिक्षकांच्या गळ्यात आले आणि तेवीस वर्षे मैदानावर काढली. मुले धापा टाकत येत आणि पाण्याच्या आधी मला पाहत. सेकंदाच्या पाचव्या हिश्शासाठी लोक रडलेले आणि नाचलेले मी पाहिले आहेत. तेव्हा माझी मान जरा ताठच होती म्हणा ना!

प्रशिक्षक थकले, तेव्हा त्यांनी मला आपल्या मुलीकडे दिले. या बाई संशोधक होत्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या, म्हणजे शिकायला इतरांहून जास्त वेळ लागणाऱ्या मोठ्या माणसांना एखादे काम कोणत्या पद्धतीने नीट शिकता येते, हे त्यांना शोधायचे होते. त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात असे बारा जण येत. काम होते चादरींच्या घड्या घालण्याचे, कारण जवळच्या इस्पितळाच्या धुलाईघराला माणसे हवी होती.

त्यांत छत्तीस वर्षांची एक जण होती. भावंडांत मोठी म्हणून घरी तिला 'थोरली' म्हणत, केंद्रातही तेच नाव पडले. तिची आई तिला घेऊन येई आणि दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राही. याआधी तीन ठिकाणांहून 'हिला जमणार नाही' असे ऐकून दोघी परतल्या होत्या.

पहिल्या दिवशी संशोधक बाईंनी सगळे तोंडी समजावले, मला टेबलावर ठेवले आणि बटण दाबले. थोरलीने चादर उचलली. तेवढ्यात तिचे लक्ष माझ्याकडे गेले.

"ते पळतंय," ती म्हणाली, आणि हातातली चादर सोडून बसली.

वहीत नोंद झाली : चौदा मिनिटे, घडी नाही. असे तीन आठवडे चालले. शेवटी आईने पिशवी उचलली.

"बाई, उगाच तिचा जीव टांगणीला नका लावू. आम्ही निघतो."

"अजून थोडे दिवस थांबा," संशोधक बाई म्हणाल्या. "चूक तिची आहे की माझी, तेच मला अजून कळलेलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पद्धतच बदलली. चादरीच्या सगळ्या घड्या त्या स्वतः घालत आणि शेवटची तेवढी राखून ठेवत. "ही तुझी." थोरली ती घडी घाली, वरून हात फिरवी, आणि पुरी झालेली चादर स्वतः गठ्ठ्यावर ठेवी. ती जमली, मग शेवटच्या दोन. मग तीन. काम शेवटाकडून शिकवले की शिकणाऱ्याच्या हातून रोज काहीतरी पूर्ण होते! मला मात्र खिशात जावे लागले. तिथून नीट दिसत नसे, खिशाच्या फटीतून डोकवावे लागे. कानावर येई ती कापडाची फडफड आणि मग थोरलीचा खणखणीत आवाज : "झाली!"

पाच आठवड्यांनी हा आवाज दर दोन मिनिटांनी येऊ लागला. शेजारच्या टेबलावरचा एक लाजरा काका नुसताच चादर धरून उभा राहायचा. कोणी न सांगता थोरली त्याच्यासाठीही शेवटची घडी राखून ठेवू लागली.

"आणि पहिल्या तीन आठवड्यांचे आकडे?" संशोधक बाईंच्या मार्गदर्शक सरांनी विचारले.

"ते घड्याळाला घाबरल्याचे आकडे आहेत, सर. शिकण्याचे नाहीत. अहवालात तसंच लिहिणार आहे."

मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण बाई खरे तेच बोलत होत्या.

मग एके दिवशी धुलाईघराच्या मुकादम बाई परीक्षा घ्यायला आल्या. थोरलीने चादर उचलली आणि मुकादम बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. थोरलीचे हात थांबले. बाहेर आई बाकावरून उठली. संशोधक बाई काही बोलणार, इतक्यात थोरलीच म्हणाली, "घड्याळाकडे नका बघू. चादरीकडे बघा."

 मुकादम बाई हसल्या आणि घड्याळ काढून त्यांनी पर्समध्ये टाकले. थोरलीने चाळीस चादरींच्या घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा लावून. मुकादम बाईंनी गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"आमच्याकडच्या जुन्या बायकांचीही कड इतकी सरळ येत नाही. सोमवारी सातला ये."

"साडेसहाला येते."

"सातलाच ये बाई. साडेसहाला कुलूप असतं!"

सोमवारी आम्ही सगळे धुलाईघराच्या फाटकापर्यंत गेलो. आईही आत शिरू लागली, तशी थोरली म्हणाली, "आई, तू घरी जा. इथं बसायला बाक नाही."

मंगळवारी सकाळी आई एकटीच केंद्रात हजर!

"काल दिवसभर काय करावं सुचेना. तीनदा चहा केला नि तिन्हीदा एकटीनंच प्याले. मला तुमच्याकडचं शिवणयंत्र चालवायला शिकवाल का? साठी उलटलीय माझी, वेळ लागेल हं."

"लागू दे की," संशोधक बाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

मित्रांनो, आता वेळ मोजायला फोन आले आहेत. मी खणात पडून असते. अधूनमधून कोणी किल्ली दिली, तर आतली चाके मोकळी राहतात. घरातल्या जुन्या वस्तूंना असा हात लावत जा. आणि तुमच्या वर्गात, घरात, शेजारी कोणी सावकाश शिकत असेल, तर त्याच्या हातातले काम ओढून घेऊ नका. थोडे थांबा. बुटाची नाडी बांधायला तुम्हाला स्वतःला किती महिने लागले होते, ते आज घरी जरा विचारून पाहा!