तीन घरचं बी

"फुई, ती पिशवी ऱ्हाऊ दे ना वं! सगळं मोबाईलमा शे!"

रिक्षावाला दारात हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि जसोदाबाई ओट्यावर निवांत बसून कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत कागद कोंबत होती. पिशवीवर नारळाएवढं बोंड छापलेलं, त्याखाली मिशीतल्या मिशीत हसणारा शेतकरी. आत पाण्याचा थेंब शिरत नाही म्हणून फुई त्या पिशवीचं जावयासारखं कौतुक करायची.

"मोबाईलमा शे ते मोबाईलपाशी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मन्हं मन्हापाशी."

रोशनीने कपाळावर हात मारला. आज नवापूरला भालाफेकीची निवड चाचणी होती. निवड झाली की सरकारी खर्चाने क्रीडा प्रबोधिनीत राहायचं, खरा भाला, खरे बूट, रोज अंडी. केळीच्या बागेशेजारच्या पडीक तुकड्यात ती दोन वर्षं बांबू फेकत होती ती ह्याच दिवसासाठी. आणि अशा दिवशी पुण्या-नाशिकच्या पोरींसमोर ती बियाण्याची पिशवी मिरवायची? छे! फुई चपला शोधायला आत गेली, तशी रोशनीने पिशवी अलगद काढली आणि गोधड्यांच्या ढिगाखाली सरकवून दिली. काम फत्ते.

फुई म्हणजे रोशनीच्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली ती इथलीच झाली. मिरची लावायची, तोडायची, पथारीवर, म्हणजे मिरची पसरायच्या मोकळ्या मैदानावर, वाळवायची, स्वतः बाजारात नेऊन विकायची. आख्ख्या तापीकाठावर तिची दोन गोष्टींसाठी ख्याती होती: मिरची आणि झेरॉक्स. लग्नाला निघाली तरी पिशवीत रेशनकार्डाची झेरॉक्स. "नवरदेव आधार मांगी का तुन्हाकडे?" असं आबा चिडवायचे. ती हसायची, झेरॉक्स मात्र काढायची नाही.

त्यामागची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. फार वर्षांपूर्वी अक्कलकुव्याला बालवाडीच्या बाईच्या जागेसाठी फुईला बोलावणं आलं होतं. सातवी पास, गणितात पहिली. पण दाखला होता पत्र्याच्या पेटीत, पेटी एसटीच्या टपावर, आणि फुई खाली उतरून पदर सारखा करते तोवर गाडी पेटी घेऊन मोलगीच्या घाटाला लागलेली. दुसरी प्रत कुठेच नव्हती. साहेबांनी नाव पुकारलं, ती उभी राहिली आणि रिकामे हात दाखवून खाली बसली. ही गोष्ट सांगताना फुई कधी रडायची नाही. फक्त शेवटी म्हणायची, "बी एकच घरमा ठेवो नही."

कारण मिरचीचं बी ती तीन घरी ठेवायची. एक घरात, एक शेजारणीच्या चुलीवरच्या फळीवर उंदरांपासून लपवून, आणि एक थेट परगावी, कुणातरी विश्वासाच्या माणसाकडे. एका घरावर काही आलं तरी वाण बुडत नाही. तिच्या सासूची रीत, सासूच्या सासूची रीत.

नंदुरबारहून गाडी सुटली. रोशनीने खिडकीत बसून आधी स्वतःचा फोटो काढला, मग फुईचा. फुईने फोटोसाठी डोळे इतके मोठे केले की समोरची बाई घाबरली. तिकीट फोनवर, चाचणीचं पत्र फोनवर, आधार आणि जन्मदाखला डिजिलॉकरमध्ये. फेकीचा व्हिडिओ काढायला जागा हवी म्हणून रोशनीने काल रात्री फोन अगदी झाडून-पुसून साफ केला होता. चिंचपाडा गेलं तेव्हा तिने विजयी मुद्रेने विचारलं, "सांग फुई, कागद लागना का कोठे?"

"आजून उतरनू नही आपन," फुई म्हणाली आणि डोळे मिटले.

मैदान पोरींनी फुललं होतं. नोंदणीच्या टेबलावर दलसिंग सर बसले होते. उंच, चष्मेवाले, आवाज लाउडस्पीकरसारखा. अकराला नोंदणी बंद होणार होती, आणि ते हे दर पाच मिनिटांनी सगळ्यांना ऐकवत होते.

"जन्मदाखला?"

"हो सर, एक मिनिट," रोशनी ऐटीत म्हणाली. तिने डिजिलॉकर उघडलं. ते तिच्याकडे अनोळखी पाहुणीसारखं बघू लागलं. मोबाईल नंबर टाका. ओटीपी टाका.

रोशनीने ते बंद करून पुन्हा उघडलं. तेच! काल फोन साफ केला त्यात डिजिलॉकरचं लॉगिनही साफ झालं होतं. आणि ओटीपी जाणार आबांच्या नंबरवर. घरातल्या पाचही जणांचं आधार त्याच एका नंबराला जोडलेलं.

तिने फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. आज केळीची तोडणी होती, आणि तोडणीच्या दिवशी केळीच्या चिकाने फोन खराब होतो म्हणून आबा तो विहिरीच्या मोटारीच्या पेटीत ठेवून कडी लावायचे. ओटीपी येत असणार, टिंग टिंग वाजतही असणार. ऐकायला तिथे फक्त स्टार्टर.

"सर, गॅलरीत फोटो आहे ना दाखल्याचा!"

"फोटो चालत नाही बेटा. वय चोरतात पोरं, काय करू? डिजिलॉकर उघड, नाहीतर शाळेच्या शिक्क्याची प्रत दे. आणि बाजूला हो, मागे रांग आहे."

मागे एक पोरगी खुदकन हसली. रोशनी वळली. फुई मांडीवरची कापडी थैली उघडत होती, आणि रोशनीला ओरडून सांगावंसं वाटलं की नको बघू, फुई, त्यात काही नाही.

"फुई... ती पिशवी..."

"गोधड्यास्ना खाले शे. दखी मी." फुईने साधी मानही वर केली नाही. "तुन्हा बापबी असाच व्हता. शाळामा जाताना टोपी लपाडे."

"तुले माहित व्हतं? मंग पिशवी लई का नही उनी?"

"तुले लाज वाटी ऱ्हायनी व्हती. पोरगीनं तोंड पाडीसन कसाले लई जावानं?" असं म्हणत तिने थैलीतून जेवणाचा डबा काढला, वरचा खण उघडला, भाकरीचं फडकं उचललं. खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद! शाळेच्या शिक्क्याचे!

रोशनी आनंदाने उडालीच. पण कागद हातात आला आणि हात लाल झाला. मधल्या खणातलं मिरचीचं लोणचं गाडीच्या हिसक्यांनी वर चढलं होतं. कागद असा पारदर्शक झाला होता की जन्मतारखेतून पलीकडचे दलसिंग सर दिसत होते.

सरांनी तो दोन बोटांनी उचलला. "मावशी, हा दाखला आहे का पापड?"

रांग खदखदा हसली. फुईसुद्धा हसली. रोशनीला मात्र रडू येत होतं. दोन वर्षांचा बांबू, पहाटेची धाव, खांद्याला चोळलेलं तेल, सगळं त्या तेलकट कागदात बुडालं होतं. घड्याळात साडेदहा होऊन गेले होते.

फुईने तिच्या दंडाला धरून तिला कडुनिंबाखाली नेलं. "रडू नको. तिसरं घर ऱ्हायनं ना आजून."

"कोनतं तिसरं घर?"

"सोहनबाई."

सोहनबाई म्हणजे नवापूरच्या किराणा बाजारातली मारवाडीण, फुईची मिरची घेणारी आणि गेली कित्येक वर्षं तिची मैत्रीण. फुईच्या बियाण्याचा तिसरा वाटा तिच्याच देवघरातल्या डब्यात असायचा. आणि मागच्या आठवड्यात मिरची द्यायला आलेली फुई त्याच डब्यात शिक्क्याच्या कागदांची तिसरी जोडी ठेवून गेली होती!

"पन बाजार दूर शे, फुई! चालत जाऊत तं नोंदणी बंद व्हई जाई!"

"मंग तो मोबाईल कसाले शे?" फुई म्हणाली. "लाव की! रिंकूनं गाडी लीधी म्हने नवी."

रोशनीने डोळे पुसले आणि सोहनबाईच्या नातीचा, रिंकूचा, नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"रिंकू, देवघरातला डबा... बियाण्याचा... अगं सगळाच्या सगळा आण!"

"वो लाल मिरचीवाला? दादी तो किसीको हाथ नहीं लगाने देती!" मग मागून सोहनबाईचा आवाज आला, "जसोदा का काम है? दे दे, दे दे! भाग छोरी!"

पुढची मिनिटं रोशनीने फाटकावर उभ्याने काढली. दलसिंग सरांनी शेवटची हाक दिली आणि टेबलावरची वही मिटायला हात घातला, तेवढ्यात गुलाबी स्कूटी धुरळा उडवत फाटकातून आत शिरली. रिंकूच्या मांडीत स्टीलचा डबा, जणू वरातीतला कलश.

फुईने टेबलावर डबा ठेवून झाकण काढलं. मिरचीचा असा भपका उठला की दलसिंग सरांना शिंक आली, त्यांच्या शेजारच्या बाईंना शिंक आली, रांगेत मघाशी हसलेल्या पोरीला तर सलग चार आल्या. लाल-पिवळ्या बियांच्या वर कोरे करकरीत कागद. शिक्का ठसठशीत.

"घ्या..." सर पुन्हा शिंकले. "घ्या नोंद! सोबत आलेल्या पालकांचं नाव?"

रोशनीने फुईकडे पाहिलं. "जसोदाबाई," तिने खणखणीत आवाजात सांगितलं.

मग काय! खऱ्या भाल्याचं वजन हातात आलं आणि मघाचा सगळा राग, सगळी लाज, सगळा आनंद खांद्यात उतरला. रोशनी धावली. भाला सुटला तेव्हाच तिला कळलं. तो गेला, गेला, उन्हात एकदा चमकला आणि इतका लांब जाऊन रुतला की मोजपट्टीवाल्या पोरांना आपल्या खुर्च्या उचलून पळावं लागलं. रिंकूने शिट्टी मारली. व्हिडिओही तिनेच काढला होता, रोशनीच्या त्या साफ केलेल्या फोनवर.

संध्याकाळी यादी लागली. रोशनीच्या फोनवर टिंग वाजलं, निवडीचं पत्र! ती ओरडत, नाचत कडुनिंबाखाली आली. फुईने लोणच्यात बुडालेले कागद मैदानाच्या कडेला उन्हात मांडले होते, प्रत्येकावर एक खडा ठेवून, पथारीवर मिरची मांडावी तसे.

"फुई, झाली निवड! हे बघ, पत्र उनं!"

फुईने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "झ्याक शे," ती म्हणाली. "कागदवर नही देतस का?"

रोशनी हसत टेबलाकडे पळाली. दलसिंग सरांनी छापील पत्र तिच्या हातात दिलं. "आजीबाईंना... सॉरी, मावशींना सांग, झेरॉक्सचं दुकान स्टेशनजवळ आहे."

"तीन काढते सर. एक घरी, एक सोहनबाईंकडे..."

"आणि तिसरी?"

"तिसरी प्रबोधिनीत, माझ्या उशीखाली."

परतीच्या गाडीत रोशनी फोनवर आबांना ओरडून ओरडून सगळं सांगत होती. आबा चार वेळा म्हणाले, "पेटीमा व्हता वं फोन, पेटीमा व्हता!" एक झेरॉक्स रिंकूबरोबर बियांच्या डब्यात सोहनबाईंकडे परत गेली होती, उरलेल्या दोन थैलीत नीट घडी करून ठेवल्या होत्या. मूळ पत्र तेवढं फुईच्या हातात होतं.

अगदी खाली, रोशनीच्या नावाखाली, छापलेलं होतं, 'पालक: जसोदाबाई'. फुई त्या ओळीखालून एकदा बोट फिरवून गेली. मग पुन्हा फिरवलं नाही, शाई पुसेल म्हणून.

"दे, थैलीमा ठेवस," रोशनीने हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे."

चिंचपाडा गेलं, खांडबारा गेलं. बाहेर अंधारून आलं. आयुष्यभर कागदांच्या घड्या घालत आलेली फुई ते पत्र घडी न घालता, दोन्ही हातांनी, भरल्या ताटासारखं मांडीवर धरून बसली होती.